आवाजावर झाडलेली गोळी

मी आवाजावर गोळी झाडली. समोर काय आहे ते न पाहता गवतातून येणाऱ्या आवाजाच्या दिशेनं नळी वळवली आणि चाप ओढला. ही माझी चूक. तिला मी पोरवयातली चूक म्हणत आलो. पण त्याच दुपारी एका बाईनं मला एक सरळ प्रश्न विचारला आणि मी तिच्याकडे बघत "नाही" म्हणालो. त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या एका "नाही"मुळे तिचं घर पुढची सगळी वर्षं मुकं झालं, आणि मी ते बांधाच्या अलीकडून बघत राहिलो.

बाबा गेल्यावर त्यांच्या परवान्याची बंदूक मोताळ्याच्या ठाण्यात जमा करायची होती. परवाना माझ्या नावावर करून घेता का, असं विचारलं तेव्हा मी नको म्हणालो. नेण्याआधी एकदा पुसून घ्यावी म्हणून गावच्या घरी, कोठीच्या खोलीत, ती गोणपाटातून बाहेर काढली. शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला. बाबा तिला तेच तेल लावायचे. त्या वासामागून हळूहळू दुसरा वास आला, जळलेल्या दारूचा, तिखट आणि जरासा गोडसर. इतकी वर्षं ती कोणी चालवली नव्हती, त्यामुळे तो वास नळीत उरला असेल की माझ्या नाकात, सांगता येणार नाही. मी जमिनीवर बसलो. फडकं हातातच राहिलं.

बावीस बोअरची, हलकी, शिसवी दस्त्याची रायफल होती ती. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरायचे म्हणून बाबांनी परवाना काढला होता. खरं तर डुकराला त्या गोळीचं काही वाटत नसे. गावातले लोक तिला डुकराला गुदगुल्या करायची बंदूक म्हणायचे. आवाजही केवढासा, वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तेवढा. आणि खांद्याला धक्का म्हणाल तर जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात उघड्या खांद्याला लावून झाडली तरी कातडीवर वळ उठत नसे.

सराव नाल्यात चालायचा. पाण्यानं खरवडून नाल्याचा एक काठ भिंतीसारखा उभा राहिला होता. बाबा त्याच्यापुढे दगडावर फुटक्या मडक्याची खापरं उभी करायचे. पाठीमागे माती असलीच पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. गोळी चुकली तर मातीत गेली पाहिजे, कोणाच्या दारात नाही. काडतुसं वाया जाऊ नयेत म्हणून आधी कितीतरी दिवस रिकाम्या बंदुकीचाच सराव. नळीच्या टोकावर चार आण्याचं नाणं ठेवायचं, श्वास अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा आणि चाप असा ओढायचा की नाणं हलू नये. नाणं पडलं की बाबा वाकून उचलायचे आणि परत ठेवायचे. त्यांच्या मनगटाला तंबाखूचा आणि हरभऱ्याच्या आंबेचा वास यायचा. पहाटे हरभऱ्यावर फडकं पसरून ते आंबट दव गोळा करून आलेले असायचे.

"आवाजावर नाही मारायची, बापू," ते म्हणायचे. "दिसल्यावर मारायची. दिसलं तरी पुन्हा एकदा पाहायचं."

पहिलं खापर फुटलं तो आवाज मला आठवतो. बंदुकीपेक्षा खापराचाच आवाज मोठा होता. तांबूस धूळ उडाली आणि उन्हात जरा वेळ तरंगली. रिकामं पितळी काडतूस बाजूला गवतात उडालं. मी ते उचललं तर बोटाला गरम लागलं. त्याच्या तोंडावर ओठ टेकवून फुंकलं की बारीक, टोकदार शीळ निघायची. आम्ही पोरं ती काडतुसं शिट्ट्या म्हणून वापरत असू. शाळेत जप्तही व्हायची.

त्यातलं एक काडतूस मी नामदेवकाकांना दिलं होतं.

नामदेवकाका म्हणजे आमचे शेतशेजारी. आमच्या आणि त्यांच्या शेतांमध्ये एकच धुरा होता, मातीचा बांध, आणि विहीर सामाईक. ते वांगी, मिरची, मेथी लावायचे आणि मोताळ्याच्या बाजारात नेऊन विकायचे. त्यांच्याकडे एक पाळलेला तितर होता. त्याचं नाव मास्तर. सकाळी पिंजऱ्यावरची खोळ काढली की तो मान ताठ करून "क-तितर, क-तितर" असा सुरू व्हायचा आणि थांबायचा नाही. काका म्हणायचे, हजेरी घेऊन राह्यला. आणि खरंच, तो ओरडला की शेताच्या चारी बाजूंनी रानातले तितर त्याला हाक द्यायचे.

मास्तर पिंजऱ्यात थोडाच असायचा. शेतात आल्यावर काका त्याला सोडून द्यायचे. काका नांगरामागे चालायचे आणि त्यांच्या मागं सरीतून मास्तर चालायचा, कुत्र्यासारखा. काका कुदळीनं वारुळाची खपली उडवायचे आणि वाळवीच्या पांढऱ्या उधळ्या उघड्या पडल्या की तो धावत येऊन टिपायचा. त्या ओल्या, दमट मातीचा वास मला खूप आवडायचा. परत बोलावायचं झालं की काका मी दिलेलं काडतूस खिशातून काढायचे आणि एक लांब शीळ घालायचे. तितर तुरीतून, गवतातून, कुठूनही पाय झाडत यायचा. त्याच्या पायाला गोदाकाकींनी एक लाल दोरा बांधला होता. रानातल्या तितरांत मिसळला तर ओळखू यावा म्हणून. पिंजऱ्याची खोळही त्यांनीच जुन्या लुगड्याची शिवली होती. त्या दोघांना मूलबाळ उशिरा झालं. तोवर त्या घरात हौस म्हणावी अशी ती एवढीच.

काका माझ्या बंदुकीची फार चेष्टा करायचे.

"आन इकडे. ही बंदूक हाये का चुन्याची डबी?" असं म्हणत एकदा त्यांनी ती हातात घेतली. एक खापर उडवलं आणि खांदा चोळल्याचं सोंग केलं. "मले तर कळलंच नाही बे कवा सुटली ते. आमच्या आज्याची ठासनीची व्हती. ते मारनाऱ्याले बी लाथ मारे. मंग मानूस दहादा इचार करे."

"म्हणून तर तुमच्या आज्यानं काही मारलं नाही, काका."

"हाव ना," ते म्हणाले, "एक मारलं. सोताची म्हैस." आणि काकी धुऱ्यावरून ओरडल्या, "पोराले काऊन खोटंनाटं सांगून राह्यले वं, बाई. म्हैस कुठं, हेला व्हता थो." तिघंही हसलो होतो. ते हसणं मी नंतर मनात इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते झिजल्यासारखं वाटतं.

तितर मारायला तेव्हाही कायद्यानं बंदी होती. सगळ्यांना ते माहीत होतं आणि हिवाळ्यात सगळ्यांच्या चुलींवरून अधूनमधून तितर शिजल्याचा वास यायचा. आमच्याकडे शिकारीचा एक रिवाज होता. सावज ज्याच्या शेतात पडेल, त्याच्या घरी पहिला वाटा जायचा, शिजवलेला. मारणाऱ्यानं तो स्वतः नेऊन द्यायचा. त्यावरून कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. उलट वाटा आला नाही तर लोकांना काहीतरी लपवल्याचा संशय येई.

तो बाजाराचा दिवस होता. काका वांगी घेऊन मोताळ्याला गेले होते. बाबा धामणगाव बढ्याला कोणाच्या तरी घरी गेले होते आणि मी न विचारता बंदूक घेऊन शेतात आलो होतो. तूर भरली होती. पिवळी फुलं जाऊन शेंगा काळपट होऊ लागल्या होत्या, आणि दुपारच्या उन्हात त्यांचा चिकट वास सगळीकडे होता. मी धुऱ्यावरच्या बोरीखाली बसलो. पलीकडे, काकांच्या तुरीच्या कडेला गवत कमरेएवढं वाढलं होतं. त्या गवतातून आवाज आला. क-तितर, क-तितर. जवळून, मोठा, न घाबरता.

रानातला तितर माणसाच्या इतक्या जवळ असा ओरडत नाही. हे मला माहीत होतं. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही, असं मी कितीदा स्वतःला सांगितलं आहे. आज वाटतं, आलं असावं, आणि मी त्याला आत येऊ दिलं नाही. श्वास अर्धा सोडला, अर्धा धरला. नळी अजिबात हलली नाही. त्यावर नाणं असतं तर पडलं नसतं.

तुराटी मोडल्यासारखा आवाज झाला. खांद्याला काही कळलं नाही. गवत थोडं हललं आणि मग सगळं शेत गप्प झालं.

मी जाऊन पाहिलं. तो कुशीवर पडला होता. पंख एकदा उघडून मिटला. पायाला लाल दोरा होता.

मी खाली बसलो आणि पहिली गोष्ट केली ती ही की दोरा दातांनी तोडला. तोंडात कापसाची आणि मातीची चव आली. तेवढ्यात तुरीच्या पलीकडून गोदाकाकींची हाक आली. त्या शेतात आहेत हे मला माहीतच नव्हतं.

"बापू, तूच का रे? काय पाडलं?"

बंदुकीचा आवाज त्यांनी ऐकला होता. काही नाही म्हणता आलं असतं. पण मी म्हणालो, "तितर, काकी. रानचा."

"आमच्या वावरात पडला नं? मंग वाटा आन बरं. तुये काका सांजच्याले येतेत."

त्या हसत होत्या. मी पाठ वळवली आणि भराभर पिसं उपटू लागलो. माझ्या बोटांना चिकटून ती सुटत नव्हती. थोड्या वेळानं त्या तुरीतून बाहेर आल्या. पदरात मेथीच्या जुड्या, कपाळावर घाम. आता त्या हसत नव्हत्या.

"मास्तर दिसला का तुले? म्या चराले सोडला व्हता. येऊन नाही राह्यला. मले ते शीळ वाजवता येत नाही, आन थे काडतूस त्याइच्या खिशात." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. त्या एकदम जवळ आल्या नाहीत. लांबूनच, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बापू, याच्या पायाले दोरा नव्हता ना?"

"नाही, काकी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांना शंका आली असती तर बरं झालं असतं. त्या वळल्या आणि "आ, आ, आ" असा कोंबड्यांना करतात तसा आवाज करत धुऱ्याधुऱ्यानं गेल्या. दोरा माझ्या मुठीत होता. घरी जाताना मी तो विहिरीत टाकला. लगेच बुडला नाही, पाण्यावर वळवळत राहिला. त्या विहिरीचं पाणी आमची दोन्ही घरं प्यायची.

आईनं रस्सा केला. पहिला वाटा पितळी डब्यात भरून माझ्याच हाती दिला. मी म्हणालो, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. आई म्हणाली, मारला तू, नेशील तूच. दिवेलागणीला मी काकांच्या ओट्यावर गेलो. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जळत होत्या, धूर दारातून बाहेर येत होता. काका नुकतेच बाजारातून आले होते. पायावर पाणी घेत होते. खुंटीवर पिंजरा टांगला होता आणि त्यावर खोळ घातलेली होती, नीट, चारी कोपरे ओढून. मी काकींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. पिंजरा रिकामा होता. तितर रात्रीपर्यंत येईल, निदान सकाळपर्यंत येईल, या आशेवर त्यांनी रिकाम्या पिंजऱ्यावर खोळ घातली होती.

"वा रे गडी," काका म्हणाले. "चुन्याच्या डबीनं पाडला का?" ते तिथंच ओट्यावर जेवायला बसले. भाकर कुस्करून रस्सा ओतला. एक तुकडा माझ्यापुढे केला. मी नको म्हणालो. "काऊन? सोता मारून सोता लाजते का?" ते सावकाश, चवीनं खात होते. हाड चोखून बाजूला ठेवत होते. "कवळा हाये," म्हणाले. "चांगला खाल्लेला दिसते."

मी ते सगळं जेवण संपेपर्यंत उभा राहिलो. रिकामा डबा न्यायचा होता.

हात धुऊन ते पिंजऱ्याकडे गेले. रोज निजण्याआधी ते खोळीवरून बोटानं टिचकी मारायचे आणि आतून मास्तर कुरकुर करायचा. त्यांनी टिचकी मारली. मग दुसरी मारली. मग खोळ उचलली.

"गोदे, पिंजऱ्याच्या दाराले कामटी लावली नव्हती का?"

"म्या सोडला व्हता," काकी म्हणाल्या. "चराले. तुमी सोडता तसाच."

"म्या नसताना?"

काकी उष्टं भांडं उचलून आत गेल्या. हेच ते दोघं एकमेकांशी धड बोललेलं शेवटचं, असं म्हटलं तर ते अगदी खरं नाही, पण फार खोटंही नाही.

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी काका धुऱ्याधुऱ्यानं शीळ घालत हिंडले. माझ्याच बंदुकीचं काडतूस, त्याचीच शीळ. तूर कापली, हरभरा सोंगला, रान उघडं पडलं तरी ती शीळ यायची. मी घरात पुस्तक उघडून बसलेला असायचो. बाबा एकदा म्हणाले, "कोणतं जनावर नेलं असेल बिचाऱ्याचं, मुंगूस असेल." मी म्हणालो, "असेल." बाबांनी नंतर सरावाला नेलं तेव्हा नाणं सारखं पडू लागलं. त्यांनी कारण विचारलं नाही. पुढच्या वर्षी मी शिकायला बुलढाण्याला गेलो आणि बंदूक तिथंच गोणपाटात राहिली.

सुट्टीत यायचो तेव्हा बघायचो. काका काकींना काही सांगायचं झालं तर मधे कोणीतरी लागायचं. "सांग तिले, इळा दे म्हना." मुलगा झाला, तो मोठा झाल्यावर त्याच्यामार्फत. मारझोड नाही, शिवी नाही. फक्त "गोदे" ही हाक त्या घरात पुन्हा आली नाही. काकी सगळं करायच्या. भाकर वाढायच्या, वांगी तोडायच्या, बाजाराची टोपली उचलून द्यायच्या. एका पोळ्याला मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मायीच चूक हाये, बापू. पराया जीव, म्या सोडाले नव्हता पायजे." मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

नामदेवकाका गेले तेव्हा मी मातीला आलो होतो. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि ते काडतूस सापडलं. कोणाला कळेना ते काय आहे. एकानं मला विचारून पाहिलं. मी म्हणालो, काय की.

तर ती बंदूक मी पुसली आणि मोताळ्याला घेऊन गेलो. ठाण्यात टेबलापलीकडच्या पोलिसानं ती उचलून पाहिली, बोल्ट मागे ओढला. तरुण होता, गप्पिष्ट. "फुलासारखी हाये हो, साहेब," म्हणाला. "हिनं काही मारलं का कधी?"

"नाही," मी म्हणालो. "डुकरं हाकलायला होती."

बाहेर आल्यावर मला माझाच आवाज ऐकू येत होता. इतका सहज. तोच शब्द, त्याच सुरात, मधली सगळी वर्षं जणू मी फक्त तोच शब्द घोटत बसलो होतो. मी बुलढाण्याच्या गाडीत बसलो नाही. परत गावाकडे आलो.

गोदाकाकी ओट्यावर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. पार वाळून गेल्या आहेत. सून अंगणात नळाला पाणी भरत होती, समोरच्या घरासमोर दोन माणसं खाटेवर बसली होती. खुंटीला तोच पिंजरा होता. आता त्यात लसणाच्या जुड्या ठेवल्या आहेत.

"बापू? ये. बाबा गेले तुये. चांगला मानूस व्हता."

मी त्यांच्या पायाशी बसलो. बुलढाण्यापासून, ठाण्यापासून, किती वर्षांपासून जुळवून ठेवलेलं वाक्य मी बोललो. हळू, खाली बघत, सुनेला ऐकू जाणार नाही असं. बोलून झाल्यावर वर पाहिलं. काकी तूर निवडत होत्या.

"काय म्हनतं? मोठ्यानं बोल. कान गेले माये."

म्हणून झालं, असं मनाला सांगून मला तेव्हा उठता आलं असतं. मी बोललो होतो, त्यांना ऐकू आलं नाही, यात माझा काय दोष. मला हे सुचलं, हेही लिहून ठेवतो. पण त्यांनी सूप बाजूला सारलं, हाताचा पडदा कानामागे धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत वाट बघू लागल्या. त्या दुपारी बघत होत्या तशाच.

मग मी ओरडून बोललो. नळाखालची घागर भरून वाहू लागली तरी सुनेचं तिकडे लक्ष नव्हतं. खाटेवरची माणसं उठून उभी राहिली. छातीत काहीतरी जोरात मागे आदळलं आणि मला ठासणीची बंदूक आठवली.

"दोरा व्हता, काकी! तू मले इचारलं व्हतं, त्याच्या पायाले दोरा नव्हता ना म्हनून. व्हता. लाल दोरा व्हता. मास्तरले म्या मारलं. काकाले म्याच खाऊ घातलं. तुयी चूक नव्हती, काकी, कवाच नव्हती. म्या खोटं बोललो. मले माफ कर."